कोंबडीच्या पिल्लांची घरघर : औषधाची पुडी आणण्याआधी

या पानावर सुताचे भाव, चामड्याचा बाजार, फळांची आवक यांची चर्चा होते. कोंबडीच्या पिल्लांना इथे जागा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्या असोत, कोकणातले मोहल्ले असोत की मराठवाड्यातली बाजाराची गावे, कित्येक कारागिरांच्या घरामागे खुराडे असते आणि त्या खुराड्याचा हिशेब घरातल्या बाईच्या हाती असतो. घरधनी मागावर किंवा दुकानावर. मंदी आली, माग थांबला, मुलाची फी भरायची निघाली की अंड्यांच्या डब्यातले पैसे बाहेर येतात. हाही धंदाच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात कोंबड्या-बदकांसह एकूण ८५ कोटी १८ लाख पक्ष्यांची नोंद झाली. त्यांतले सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते, आणि परसातल्या पक्ष्यांची संख्या २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. इतका वाढलेला धंदा कशाने बुडतो, हेही पाहायला हवे.

तो बहुतेक वेळा एका आवाजाने बुडू लागतो. रात्री सगळे शांत झाले की खुराड्यातून बारीक खरखर ऐकू येते. सकाळी एखादे पिल्लू शिंकते, दुसरे मान पुढे ताणून चोच उघडून श्वास घेते. तिसऱ्या दिवशी दोन पिल्ले मेलेली. मग घरातले कोणी जवळच्या औषधाच्या दुकानात जाते, "कोंबड्यांना सर्दी झाली" असे सांगते, आणि दुकानदार एक पुडी देतो. पुडी पाण्यात कालवून ठेवली जाते. पिल्ले जगली तर श्रेय पुडीला, मेली तर दोष नशिबाला.

आमचे म्हणणे असे की या पुडीवरचा पैसा पुष्कळदा वाया जातो. घरघर हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. एकाच आवाजामागे पाच-सहा निरनिराळी कारणे असतात. त्यांतल्या एकावर फुकटात इलाज होतो, एकावर औषध चालते, आणि सर्वांत घातक कारणावर औषधच नाही, फक्त लस आहे, तीही आधी दिली तरच. तेव्हा पुडी आणण्याआधी कारण ओळखण्याचा प्रयत्न करावा.

आधी नाक वापरा

थंडी पडली की आपल्याकडे खुराड्याला चहूबाजूंनी गोणपाट बांधतात, वर प्लास्टिक टाकतात. हेतू चांगला असतो. पण आत पिल्लांची विष्ठा साचते, पाण्याचे भांडे कलंडते, खालचे तूस ओले होते आणि त्यातून अमोनिया वायू सुटू लागतो. हा वायू पिल्लाच्या श्वासनलिकेतल्या बारीक केसांसारख्या तंतूंना मारतो. धूळ आणि जंतू बाहेर लोटण्याचे काम याच तंतूंचे असते. ते गेले की कोणताही साधा जंतू सरळ फुप्फुसापर्यंत पोहोचतो. म्हणजे अमोनियाने पिल्लू लगेच मरत नाही, पण पुढच्या प्रत्येक रोगाला त्याच्या घराचे दार उघडे होते.

याची परीक्षा करायला डॉक्टर लागत नाही. सकाळी खुराडे उघडताच उकिडवे बसावे, आपले तोंड पिल्लांच्या उंचीवर न्यावे आणि श्वास घ्यावा. माणूस उभा राहून वास घेतो, पिल्लू जमिनीपासून चार बोटांवर श्वास घेते. तिथे डोळे चुरचुरले, नाकाला झोंबले तर पिल्लांचे डोळे आणि छाती रात्रभर काय सोसत असतील ते समजावे. ओले तूस काढून टाकावे, दोन इंच कोरडे तूस पसरावे आणि ते रोज हलवावे. पाण्याचे भांडे विटेवर ठेवून पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर आणावे, म्हणजे सांडत नाही. गोणपाट खालच्या बाजूला असू द्यावे, वरची वीतभर जागा जाळीची मोकळी ठेवावी. अंगावर वारा नको, पण हवा खेळती हवी. काही जण वास मारण्यासाठी ओल्या विष्ठेवर चुना टाकतात. त्याने उलट वायू अधिक सुटतो. चुन्याची जागा वेगळी आहे: खुराडे रिकामे करून धुतल्यावर तो भिंतींना लावावा.

आपल्या कारागीर वाचकांसाठी दोन गोष्टी विशेष सांगतो. सुताराकडचा पिठासारखा बारीक भुसा पिल्लांखाली घालू नये, तो उडून नाकात जातो. रंध्याचा जाड भुसा चालतो. आणि यंत्रमागाच्या खोलीला लागून खुराडे असेल तर रुईचे तंतू तिथेही उडतात. ज्या धुळीने मागवाल्याला खोकला येतो, त्या धुळीने पिल्लाला येणार नाही असे कसे म्हणावे?

ऊब देण्यातही चुका होतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाच-पाच अंशांनी कमी करता येते. पूर्वी खोक्यात ६० वॉटचा पिवळा दिवा लावला की दहा-पंधरा पिल्लांचे भागत असे. हल्लीचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही, हे ध्यानात न घेता तोच खोक्यात सोडला जातो आणि पिल्ले गारठतात. कोळशाच्या शेगडीचा धूर तर गारठ्याहून वाईट. पिल्ले दिव्याखाली एकावर एक चढली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली आहे, सगळीकडे विखरून दाणे टिपत असतील तर सगळे ठीक आहे. उष्णतेची ती धाप म्हणजे रोगाची घरघर नव्हे. धापेत आवाज नसतो आणि दिवा वर उचलताच ती थांबते.

मानमोडी

खुराडे कोरडे आहे, हवा चांगली आहे, तरी पिल्ले घरघरू लागली आणि दोन-तीन दिवसांत एकामागून एक माना टाकू लागली, तर पहिला संशय मानमोडीचा घ्यावा. डॉक्टर लोक हिला राणीखेत म्हणतात. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी हा रोग ओळखला गेला. त्याच सुमारास आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत इथे तो आढळला. जगाच्या वैद्यकात याला न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे राणीखेत हेच नाव रूढ झाले. गावातल्या माणसाने मात्र लक्षण पाहून नाव ठेवले, आणि आमच्या मते तेच सर्वांत नेमके आहे.

रोग विषाणूचा आहे. लागण झाल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत, कधी दोन दिवसांत तर कधी पंधरवड्यानेही लक्षणे दिसतात. पिल्ले सुस्त होतात, पिसे फुलवून बसतात, घशात खरखर होते, चोच उघडून श्वास घेतात. हिरवट पातळ हगवण लागते. त्यातून जी तग धरतात त्यांतल्या काहींची मान वळते, पंख किंवा पाय लुळा पडतो, पिल्लू गोल फिरते किंवा मागे मागे जाते. श्वास, हगवण आणि मान ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर फारशी शंका राहत नाही. मात्र पहिले दोन दिवस फक्त घरघरच दिसते आणि तिथेच माणूस फसतो. लस न दिलेल्या खुराड्यात तीव्र स्वरूपाची मानमोडी शिरली तर १० पैकी ९, कधी सगळीच्या सगळी पिल्ले जातात.

या रोगावर गोळी नाही, पुडी नाही, इंजेक्शन नाही. लसूण-हळदीचे पाणी पाजणाऱ्यांशी आम्हाला वाद घालायचा नाही. पिल्लू पाणी पिते तेवढा त्याचा फायदा. पण त्याने विषाणू मरत नाही. अँटिबायोटिकनेही मरत नाही, कारण ते औषध जिवाणूंवर चालते. डॉक्टर कधी ते देतात, ते मागून येणारा दुसरा संसर्ग आवरण्यासाठी. ज्याने मानमोडीसाठी महागडी पुडी विकली त्याने, जाणता किंवा अजाणता, गरिबाचा पैसा घेतला असेच म्हणावे लागेल.

आजारी पिल्ले ताबडतोब वेगळी करावीत. मेलेली दोन हात खोल पुरावीत. नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, कारण तिथून कुत्रे आणि कावळे रोग पुन्हा मोहल्ल्यात आणतात. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत. या विषाणूने माणसाचे डोळेही काही दिवस लाल होऊन दुखतात, याहून जास्त सहसा काही होत नाही.

जुनाट सर्दी आणि आईकडून आलेले दुखणे

दुसरा प्रकार अगदी वेगळ्या चालीचा आहे. पिल्ले घरघरतात, शिंकतात, डोळ्यांत फेस येतो, नाक चिकट होते. पण मरतात थोडी. आठवडे जातात, घरघर जात नाही. दाणा खातात, अंग मात्र धरत नाहीत. ज्या तलंगेने सहाव्या-सातव्या महिन्यात अंडे द्यायचे ती मागे पडते. मायकोप्लाझ्मा नावाचा बारीक जंतू याला कारण असतो, आणि कुक्कुटपालनवाले यास सी.आर.डी. म्हणतात. इथे नुकसान मरणाचे कमी आणि झिजण्याचे जास्त असते, म्हणून ते हिशेबात येत नाही.

या रोगाची खोड अशी की तो अंड्यातून उतरतो. कोंबडीला हे दुखणे होऊन ती बरी झाली, तरी जंतू तिच्यात राहू शकतो आणि तिच्या अंड्यातून निघालेले पिल्लू तो घेऊनच जन्माला येते. म्हणून गेल्या हिवाळ्यात जी कोंबडी घरघरत होती तिची अंडी खावीत, पण रवणीला ठेवू नयेत. कोंबडी खुडूक झाली की हाताला येतील ती १०-१२ अंडी तिच्याखाली सरकवण्याची आपली रीत आहे. त्याऐवजी निरोगी कोंबडीची अंडी निवडून ठेवावीत. एवढी निवड केली तरी पुष्कळ फरक पडतो.

या रोगावर अँटिबायोटिक चालते. टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन यांसारखी औषधे त्यासाठीच आहेत. त्यांनी लक्षणे आवरतात, जंतू मुळासकट जातोच असे नाही. डॉक्टरने सांगितलेल्या वजनाच्या मापाने आणि सांगितलेले सर्व दिवस द्यावे. दोन दिवस देऊन पिल्लू टवटवीत दिसले की उरलेली पुडी फडताळात ठेवून देण्याची सवय वाईट, त्याने जंतू औषधाला सरावतात. औषध चालू असताना आणि नंतर सांगितलेले दिवस त्या कोंबडीचे अंडे किंवा मांस घरातही वापरू नये, विकूही नये. कोलिस्टिन नावाचे एक अँटिबायोटिक पूर्वी कोंबड्यांच्या औषधांत आणि खाद्यात सर्रास असे. माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी ते राखून ठेवणे भाग झाल्याने २०१९ साली केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत, कोंबड्यांतही, त्याच्या वापरावर बंदी घातली. जुन्या साठ्यातली पुडी कोणी हाती दिली तर तिच्यावरचे नाव वाचून घ्यावे.

बाकीची कारणे थोडक्यात. पहिल्या दोन आठवड्यांतली पिल्ले चोच वासून धापा टाकतात पण घशात आवाज नसतो, अशी मर सुरू झाली तर तूस किंवा दाणा बुरसटलेला आहे का ते पाहावे. बुरशी फुप्फुसात जाते आणि त्यावर परवडणारा इलाज नाही, बुरसटलेला माल काढणे हाच उपाय. तोंड आणि डोळ्यांभोवती सूज, नाकातून घाण वासाचा स्राव असेल तर ती सांसर्गिक सर्दी, जिला डॉक्टर कोरायझा म्हणतात. ती जिवाणूची आहे आणि औषधाला दाद देते. चोचीच्या आत पिवळट पापुद्रे दिसले तर देवीचा ओला प्रकार असू शकतो. कोंडलेल्या, हिरवे खाणे न मिळालेल्या पिल्लांच्या डोळ्यांत चीजसारखा पू साचतो, तो अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने. त्यांना शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास द्यावा. याशिवाय एक ब्राँकायटिसही आहे, तोही विषाणूचाच, आणि घरी बसून तो मानमोडीच्या सुरुवातीपासून वेगळा ओळखता येत नाही.

म्हणूनच मर लागली की एक-दोन ताजी मेलेली आणि एक जिवंत आजारी पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पिल्लू मरून दिवस उलटला असेल तर उपयोग नाही. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बर्फावर ठेवून न्यावे, गोठवू नये. डॉक्टर चिरून पाहतात तेव्हा पुष्कळ गोष्टी तिथेच कळतात. जरूर पडल्यास नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जातो. दोन मेलेल्या पिल्लांमुळे उरलेली दहा वाचण्याचा मार्ग सापडतो, म्हणून ती पुरण्याची घाई करू नये.

शंभर मात्रांची कुपी, बारा पिल्ले

आता मुख्य गोष्ट. मानमोडीची लस नवी नाही. मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत १९४० च्या दशकातच ती तयार झाली, आणि आपल्या राज्यात पुण्याच्या औंधमधील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था लसी बनवते. मग परसातली पिल्ले लसीवाचून का मरतात? लोकांचे अज्ञान हे उत्तर आम्हाला पटत नाही. खरी अडचण कुपीची आहे. लहानात लहान कुपी सहसा १०० मात्रांची असते. ती बर्फावर ठेवावी लागते, एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. ज्या बाईकडे १२ पिल्ले आहेत तिने ८८ मात्रा फेकण्यासाठी १०० ची कुपी का आणावी? आणि दवाखान्यातला माणूस एका घरासाठी कुपी का फोडील?

यावर तोड एकच, ती म्हणजे मोहल्ल्याने मिळून लस आणणे. दहा घरांची दहा-दहा पिल्ले म्हणजे एक कुपी. महिन्यातला एक दिवस ठरवावा. घरोघरी रवणी थोड्याफार एकाच वेळी बसवल्या तर पिल्लांची वयेही जुळतात, आणि बायका ठरवतील तर हे सहज जमते. बचत गट असेल तर त्याच्या वहीत एक पान यासाठी घालावे. पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे किंवा गावच्या दवाखान्यात आधी निरोप द्यावा की अमुक तारखेला शंभर पिल्ले एका ठिकाणी मिळतील. एका पिल्लासाठी न येणारा पशुधन पर्यवेक्षक शंभरांसाठी येतो. नाही आला तर मोहल्ल्यातल्या एखाद्या होतकरू मुलाने किंवा मुलीने काम शिकून घ्यावे. डोळ्यात थेंब टाकणे अवघड नाही.

वेळापत्रक असे: पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना एफ-१ किंवा लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटाचा दुसरा डोस. सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, ही टोचायची असते. ही तिसरी लस जहाल आहे, लहान पिल्लाला ती देऊ नये, दिली तर रोगाऐवजी लसच त्याला लोळवील. लस बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणावी, खिशात किंवा दुचाकीच्या डिकीत नव्हे. उन्हात नेलेली कुपी म्हणजे नुसते पाणी, आणि पुढे रोग आला की लोक म्हणतात लसच खोटी होती. थेंब टाकल्यावर पिल्लाने डोळा मिटेपर्यंत हातात धरावे. सावलीत, सकाळी किंवा संध्याकाळी हे काम करावे. आधीच आजारी असलेल्या पिल्लांना लस देऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. लासोटा दिल्यावर तीन-चार दिवसांनी काही पिल्ले किंचित शिंकतात, घशात हलकी खरखर होते. ही लसीची प्रतिक्रिया असते आणि थोड्या दिवसांत आपोआप जाते. हे आधी सांगितले नाही तर पहिल्याच खेपेला बोंब होते की लसीने पिल्ले आजारी पडली, आणि पुढच्या महिन्यात कोणी पिल्लू आणत नाही. खाणे-पिणे चालू असेल तर घाबरू नये. पाच-सहा दिवसांनंतरही खरखर वाढतच असेल तर मात्र डॉक्टरला दाखवावे.

पैशाच्या भाषेत बोलायचे तर देशी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते. बारातली आठ पिल्ले वाचली आणि त्यांतल्या चार तलंगा निघाल्या तर वर्षाला अडीचशे अंडी झाली, कोंबडे वेगळे. एका पिल्लाच्या तिन्ही लसींचा खर्च त्यापुढे दोन-चार अंड्यांचाही होत नाही.

दुकानदाराच्या चपला

आपल्या वाचकांत चिकनचे दुकान चालवणारे, बाजारात जिवंत कोंबड्या विकणारे, गावोगाव फिरून कोंबड्या घेणारे व्यापारी पुष्कळ आहेत. पुढचे बोलणे त्यांच्याशी आहे, आणि थोडे कडू आहे.

खुराड्यात घरघर सुरू झाली की घरवाला काय करतो? "मरण्याआधी विकून टाका." मेलेला पक्षी आपल्याकडे मुरदार, त्याचा पैसा होत नाही, म्हणून घाई जास्त. फिरता व्यापारी तो कोंबडा पडत्या भावात घेतो, पाटीत इतर वीस पक्ष्यांबरोबर बांधतो आणि पुढच्या तीन गावांत नेतो. विष्ठेतून, श्वासातून, पाटीच्या कामट्यांतून विषाणू त्या तिन्ही गावांत उतरतो. आठवड्याच्या बाजारानंतर सहाव्या-सातव्या दिवशी गावात मर का लागते, याचे उत्तर या पाटीत असते. ऐब लपवून माल विकणे आपल्या तिजारतीत गैर आहे, हे दुकानदारांना आम्ही सांगायला नको. पण आजारी पक्षी हा नुसता ऐबदार माल नव्हे. फाटका कपडा विकला तर एका गिऱ्हाइकाचे नुकसान होते, घरघरणारा कोंबडा विकला तर गावाचे. आणि व्यापाऱ्याचेही, कारण पुढच्या महिन्यात त्याच गावात घेण्यासारखी कोंबडी उरत नाही.

ज्यांचे चिकनचे दुकान आहे आणि घरामागे कोंबड्याही आहेत त्यांनी तर जास्तच सांभाळावे. दुकानात ठिकठिकाणचे पक्षी येतात. दिवसभर त्या पिंजऱ्यांजवळ वावरलेल्या चपला घालून माणूस संध्याकाळी थेट परसात जातो, आणि घरातल्या पिल्लांना दुकानातला रोग मिळतो. दुकानाची चप्पल दुकानात ठेवावी, घरी आल्यावर हातपाय धुऊनच खुराड्याकडे जावे. न विकलेला ब्रॉयलर घरी आणून परसात सोडणे, कातडी-आतड्यांचे तुकडे घरच्या कोंबड्यांना टाकणे या दोन्ही सवयी बंद कराव्यात. पिंजरे रोज धुऊन उन्हात वाळवावेत, साबण आणि कडक ऊन दोन्हींनी हा विषाणू मरतो.

नवा पक्षी घेतला की पंधरा दिवस वेगळा ठेवावा. वनराजा किंवा गिरिराज जातीची तीन-चार आठवड्यांची पिल्ले घेताना लासोटा दिली का, कोणत्या तारखेला दिली, हे विचारून लिहून घ्यावे. सचोटीचा विक्रेता त्याचा राग मानत नाही. आणि बाजारात मुलांच्या हट्टासाठी जी हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्ले मिळतात ती अंड्यांच्या उबवणीतली टाकाऊ नर पिल्ले असतात, उपाशी आणि गारठलेली. ती घरी आलीच तर आपल्या पिल्लांपासून दूर राहू द्यावीत.

एकदम मर लागली तर

शेवटी बर्ड फ्लूबद्दल. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या तेव्हा अनेकांनी ती मानमोडीच समजली. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि तो देशातला पहिला बर्ड फ्लू ठरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, चिकन-अंड्यांचा बाजार देशभर बसला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी तो पुन्हा आढळला. प्रत्येक घरघर म्हणजे बर्ड फ्लू नव्हे, आणि तशी आवई उठवणे म्हणजे आपल्याच दुकानांवर पाणी सोडणे. पण वयाने मोठे, धडधाकट पक्षीही एका-दोन दिवसांत पटापट मरू लागले, तुरे आणि गलोल काळे-निळे पडले, तोंडे सुजली, आसपास कावळेही मेलेले दिसले, तर थांबू नये. असा पक्षी उचलून दवाखान्यात नेऊ नये, हात लावू नये, चिरू नये, विकू तर नयेच. पशुसंवर्धन खात्याला फोन करून बोलावून घ्यावे. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे.

खबर दिली तर सगळेच पक्षी मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात. ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु सरकारी भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. घरात आधीच मरून गेलेल्यांचे काही मिळत नाही. म्हणजे जितका उशीर तितका पैसाही बुडतो. परसातल्या कोंबड्यांची कुठे नोंद नसते, म्हणून पथक येईल तेव्हा आपल्याकडे किती पक्षी होते हे सांगता यावे यासाठी लस दिल्याच्या तारखा आणि पिल्लांची संख्या एका वहीत लिहून ठेवावी. लसीच्या दिवशीची बचत गटाची वही त्याच कामी येईल.